बेल्टची साइझ कशी काढायची: पॅन्टचं लेबल बाजूला ठेवा, जुना बेल्ट हातात घ्या

बेल्ट घेताना सगळ्यात जास्त गोंधळ एकाच गोष्टीमुळे होतो, पॅन्ट ३४ ची लागते म्हणजे बेल्टही ३४ चाच लागणार असं आपण धरून चालतो. मग बेल्ट येतो, शेवटच्या भोकात कसाबसा बसतो आणि पोटभर जेवल्यावर तोही सोडावा लागतो. किंवा उलटं होतं, मोठाच घेऊ म्हणजे टेन्शन नाही म्हणून ४२ चा उचलला जातो आणि त्याचं टोक फिरून पार बाजूच्या खिशाच्या मागे जातं. दोन्ही वेळेला बेल्ट बिचारा चांगला असतो, लेदर चांगलं, बकल छान, फक्त आकडा चुकलेला. आणि हा आकडा काढायला पाच मिनिटं पण लागत नाहीत, त्यामुळे अंदाजाने बेल्ट घ्यायचं खरंच काही कारण नाही.

तर आधी हा आकडा कशाचा असतो ते बघू. बेल्टवर ३६ लिहिलंय म्हणजे पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ इंच असं नसतं, तो त्याहून बराच लांब असतो. नेहमीच्या पद्धतीत ३६ म्हणजे बकलपाशी पट्टा जिथे वळून शिवलेला किंवा स्क्रूने बसवलेला असतो, त्या घडीपासून मधल्या भोकापर्यंतचं अंतर. साध्या बेल्टला बहुतेक वेळा पाच भोकं असतात, त्यातलं तिसरं ते मधलं. सात भोकं असतील तर चौथं. आणि भोकांमध्ये साधारण इंचभर अंतर असतं, म्हणजे ३६ च्या बेल्टची भोकं येतात ३४, ३५, ३६, ३७ आणि ३८ वर. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण मग तुम्हाला एवढंच शोधायचं असतं की तुमचं स्वतःचं भोक कितीवर पडतं, आणि तो आकडा ज्या बेल्टमध्ये मधल्या भोकावर येईल तो बेल्ट तुमचा.

मधल्याच भोकावर का, तर वजन थोडं कमीजास्त होतं, हिवाळ्यात आत जाड कपडे असतात, एखादी पॅन्ट वर बसते एखादी खाली बसते, दोन्हीकडे दोन दोन भोकं शिल्लक असली की हे सगळं त्यात सामावून जातं. आणि दिसायलाही बेल्ट मधल्या भोकात लावलेला असला की टोक बरोबर जेवढं बाहेर यायला पाहिजे तेवढंच येतं, बनवणाऱ्याने तो तसाच आखलेला असतो.

आता मोजायचं कसं. सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे तुम्ही आत्ता वापरताय तो बेल्ट, अर्थात तो नीट बसत असेल तर. तो पॅन्टमधून काढा, टेबलावर किंवा फरशीवर सपाट ठेवा. भोकांकडे नीट बघा, रोजच्या वापराचं भोक सांगावं लागत नाही, ते बाकीच्यांपेक्षा थोडं लांबट झालेलं असतं आणि त्याच्या बाजूला बकलच्या दांडीचा आडवा वळ पडलेला असतो. आता टेपचं शून्य बकलजवळच्या घडीवर धरा, म्हणजे पिन जिथून सुरू होते तिथे, बकलच्या पुढच्या कडेवर नाही, आणि तिथून त्या वळवाल्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. जो आकडा आला तीच तुमची बेल्टची साइझ. त्यात काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही.

यात दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे बकल मोजमापात घेऊ नका, बकल मोठं असेल तर तिथेच दोन इंचांचा फरक पडतो आणि दुकानात किंवा ऑनलाइन सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दुसरं, वापरलेला बेल्ट सरळ राहत नाही, त्याला कमान येते, कारण कंबरेपेक्षा खाली नितंबांपाशी घेर जास्त असतो आणि पट्टा तसा आकार घेतो. तो ओढून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, टेप पट्ट्याच्या मधोमध त्या वळणासोबत न्या. कडेने मोजलं तर एका कडेला जास्त आणि दुसऱ्या कडेला कमी येईल.

जुना बेल्ट नसेल, किंवा असलेला बेल्टच चुकीचा असेल, किंवा मधल्या काळात वजन बरंच बदललं असेल, तर मग शिवणकामाची टेप घ्या. जी पॅन्ट घालून बेल्ट लावणार तीच पॅन्ट घाला, शर्ट इन करत असाल तर इन करा, आणि टेप पॅन्टच्या लूपमधून ओवून बेल्टसारखी फिरवा. लूपमधूनच. नुसती कंबरेला गुंडाळू नका, कारण आपण टेप हातात घेतली की ती आपोआप बेंबीजवळ धरतो आणि पॅन्ट तिथे बसतच नाही, आजकालच्या बऱ्याच जीन्स बेंबीच्या चांगल्या खाली बसतात आणि तिथला घेर वेगळा असतो. पोट पुढे आलेलं असेल तर हा फरक आणखी मोठा होतो, कुणी पॅन्ट पोटाच्या खाली बांधतं कुणी पोटावर, आणि या दोन जागांमध्ये काही इंचांचा फरक सहज निघतो. तर जिथे तुमची पॅन्ट बसते तिथे मोजायचं, शास्त्रात कंबर कुठे असते त्याच्याशी आपल्याला काही घेणं नाही.

टेप ओवली की पोट आत ओढून मोजू नका, हे सांगावंच लागतं कारण टेप लागली की सगळेच नकळत श्वास आत घेतात. नेहमीसारखे उभे रहा, श्वास सोडा, टेप आणि पॅन्टच्या मध्ये बोट जाईल एवढी सैल ठेवा आणि आकडा वाचा. मग तसेच खुर्चीत बसा आणि परत वाचा. बसल्यावर बहुतेकांचा आकडा वाढतो, कुणाचा अर्धा इंच कुणाचा त्याहून बराच जास्त. दिवसभर खुर्चीत बसून काम असेल तर हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे.

टेपने आलेल्या आकड्यात मात्र अर्धा इंच मिळवा, जाड बेल्ट असेल तर पाऊण. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टेप कागदाइतकी पातळ असते, बेल्ट तीन-चार मिलीमीटर जाड असतो. कुठल्याही गोल गोष्टीभोवती जाडी वाढली की घेर त्या जाडीच्या सहापटीहून थोडा जास्त वाढतो, शाळेतलं दोन पाय आर तेच हे. बेल्टची लांबी त्याच्या जाडीच्या मध्यावर धरली जाते, त्यामुळे इथे निम्मीच जाडी मोजायची, तरीही दिसायला नगण्य वाटणारे हे मिलीमीटर घेरात जवळपास अर्धा इंच होऊन बसतात. जुना बेल्ट सपाट ठेवून मोजताना हे काही करावं लागत नाही कारण त्याची जाडी त्यात आधीच धरली गेलेली असते, म्हणून मी कायम जुना बेल्ट मोजा असंच सांगतो.

आणि तो जो नियम सगळीकडे ऐकायला मिळतो ना, पॅन्टच्या साइझमध्ये दोन इंच मिळवा, ३२ ची पॅन्ट तर ३४ चा बेल्ट, ३४ ची तर ३६, त्याच्यामागे पण हाच हिशोब आहे. पॅन्टचा आकडा आतल्या अंगाचा, बेल्ट बसतो पॅन्टच्या बाहेरून. मध्ये शर्ट, पॅन्टच्या पट्टीचं दुहेरी तिहेरी कापड, आणि वर बेल्टची स्वतःची जाडी. सगळं मिळून सहा मिलीमीटर धरलं तरी घेरात ३८ मिलीमीटर म्हणजे दीड इंच वाढला, आणि वर थोडी मोकळीक. नियम चुकीचा नाही. फक्त तो पॅन्टवरचा आकडा खरा आहे असं मानून चालतो, आणि तिथेच गडबड आहे, कारण बरेच ब्रँड लेबलवर ३४ लिहून प्रत्यक्षात ३५-३६ इंचांची पॅन्ट शिवतात, घालणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. एकाच माणसाच्या कपाटात ३२, ३३ आणि ३४ अशा तीन लेबलच्या पॅन्टी असतात आणि तिन्ही नीट बसतात, मग दोन इंच मिळवायचे कशात? पॅन्टचा खरा आकडा बघायचा असेल तर बटण लावून ती सपाट ठेवा, पुढची आणि मागची पट्टी एकावर एक जुळवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. लेबलशी तुलना करून बघा, बऱ्याच जणांना हा आकडा बघून धक्का बसेल. तर दोन इंचवाला नियम हातात दुसरं काहीच नसेल तेव्हासाठी ठेवा.

सेंटीमीटरवाले बेल्ट बघून घाबरू नका. युरोपियन पद्धतीत ८०, ८५, ९०, ९५, १००, १०५ असे पाच पाचच्या टप्प्याने नंबर येतात, आणि तेही मधल्या भोकापर्यंतचंच अंतर असतं. साधारण ८५ म्हणजे ३४, ९० म्हणजे ३६, ९५ म्हणजे ३८, १०० म्हणजे ४०. पण हे जुळवाजुळवीचं आहे, बरोबर तेवढंच नाही. ३६ इंच म्हणजे खरं तर ९१.४ सेंटीमीटर आणि ३८ इंच म्हणजे ९६.५, म्हणजे सेंटीमीटरवाला बेल्ट त्याच्या जोडीच्या इंचवाल्यापेक्षा एक-दीड सेंटीमीटर छोटाच निघतो. तुम्ही बरोबर मध्ये बसत असाल तर काही फरक पडत नाही, पण आधीच काठावर असाल तर पुढचा नंबर घ्या. आणि ११० किंवा ११५ असा मोठा आकडा दिसला तर एकदम घेऊ नका, काही जण पट्ट्याची पूर्ण लांबी लिहितात आणि ती मधल्या भोकाच्या आकड्यापेक्षा पंधराएक सेंटीमीटर जास्त असते, ९५ चा बेल्ट पूर्ण मोजला तर ११० च्या आसपास भरतो. एस, एम, एल लिहिलेलं असेल तर ते अक्षर बघून घेऊच नका, प्रत्येकाचं एम वेगळं असतं, खाली साइझ चार्ट असतो तो उघडा आणि त्यात मोजमाप कुठून कुठपर्यंत घेतलंय ते वाचा. मधल्या भोकापर्यंत लिहिलं असेल तर छान. नुसतं लांबी असं लिहिलं असेल तर विकणाऱ्याला विचारा, एक मेसेज टाकायला काही जात नाही.

दोन साइझच्या मध्ये अडकणं हा कायमचा प्रॉब्लेम आहे कारण बेल्ट बहुतेक सम आकड्यात येतात. समजा तुमचं भोक ३५ वर येतं आणि दुकानात ३४ आणि ३६ आहेत. ३४ घेतला तर तुम्ही बकलकडून चौथ्या भोकात बसाल, पुढे सैल करायला एकच भोक राहील. ३६ घेतला तर दुसऱ्या भोकात बसाल, सैल करायला तीन भोकं आणि घट्ट करायला एक. मी अशा वेळी मोठा घ्या असंच म्हणेन. मोठा बेल्ट कापून छोटा करता येतो, छोट्याला वाढवायचा कुठलाही मार्ग नाही. अपवाद एकच, बेल्ट फॉर्मल पॅन्टवरच लावायचा असेल, वजन वर्षानुवर्षं एकच असेल आणि लेदर मऊ असेल तर छोटा घेतलेला चालतो, कारण मऊ लेदर वापरून थोडं ताणलं जातं आणि काही महिन्यांनी चौथ्यावरून तुम्ही आपोआप तिसऱ्यावर याल. वजन कमी करायचं मनावर घेतलं असेल तरी आजच्या मापाचाच घ्या, आज जो आकडा आहे त्याच्या खाली दोन इंच जायची सोय त्यात आधीच आहे.

आता टोक. बेल्ट लावल्यावर टोक बकलच्या पलीकडे जातं, बेल्टच्या स्वतःच्या छोट्या पट्टीतून जातं आणि मग पॅन्टच्या पहिल्या लूपमधून बाहेर येतं. ते पहिल्या लूपच्या पुढे इंच-दोन इंच आलं आणि दुसऱ्या लूपच्या आधी संपलं की माप बरोबर. पहिल्या लूपपर्यंत पोचतच नसेल तर बेल्ट छोटा आहे, टोक दिवसभर बाहेर निघून हलत राहील आणि तुम्ही ते दर दहा मिनिटांनी आत ढकलत बसाल. दुसऱ्या लूपच्या पुढे जात असेल तर मोठा. जीन्सवर थोडं लांब टोक कुणाला खटकत नाही, पण फॉर्मल शर्ट इन करून त्यावर लांब लोंबणारं टोक असलं की बाकी कितीही चांगले कपडे घाला, नजर तिथेच जाते.

साइझ म्हणजे फक्त लांबी नाही, रुंदी पण तेवढीच बघायची असते आणि ती बघितलीच जात नाही. फॉर्मल पॅन्टला साधारण ३० ते ३५ मिलीमीटर रुंद बेल्ट शोभतो, जीन्सला ३८ ते ४०. ४० चा बेल्ट फॉर्मल पॅन्टच्या लूपमध्ये घालायला गेलात तर एकतर तो जातच नाही, नाहीतर ओढून ओढून घालावा लागतो आणि काही दिवसात लूपची शिवण सुटते. आणि ३० चा बेल्ट जीन्सला लावला तर तो मोठ्या लूपमध्ये वरखाली सरकत राहतो आणि जीन्सची जाड पट्टी त्याच्यावरून दुमडून खाली येते, मग बेल्ट घट्ट असूनही पॅन्ट उतरल्यासारखी वाटते, आणि माणूस विनाकारण आणखी एक भोक आवळतो. लूपची आतली उंची एकदा पट्टीने मोजून ठेवा, बेल्ट त्याहून चार-पाच मिलीमीटर कमी पाहिजे म्हणजे सहज जातो आणि हलत पण नाही. एकच बेल्ट घ्यायचा असेल सगळ्यासाठी तर ३५ चा घ्या, तो दोन्हीकडे चालून जातो.

बकलच्या प्रकारावर मोजमाप थोडं बदलतं. वर सगळं जे सांगितलं ते पिनवाल्या साध्या बकलचं आहे. समोर मोठी प्लेट आणि तिच्या पाठीमागे हूक असा बेल्ट असेल तर तिथे घडीपासून मोजून चालणार नाही, कारण भोक जाऊन बसतं ते हुकावर आणि हूक घडीपासून दोन-तीन इंच पुढे असतो. म्हणून तिथे हुकापासून भोकापर्यंत मोजायचं. तुम्ही बकल वेगळं आणि पट्टा वेगळा घेत असाल तर हे हमखास विसरलं जातं, पट्टा बरोबर मापाचा घेतला जातो आणि त्यावर मोठी प्लेट लावली की बेल्ट अचानक दोन इंच मोठा होतो.

भोकं नसलेले ऑटोलॉक बेल्ट आता खूप चालतात, पट्ट्याच्या मागे दातांची प्लास्टिक पट्टी असते आणि बकल त्यात टिक टिक करत अडकतं. मापाच्या दृष्टीने हा प्रकार मला सगळ्यात सोयीचा वाटतो कारण इथे एक टप्पा इंचाचा नसतो, साधारण पाव इंचाचा असतो, म्हणजे जेवल्यावर अगदी किंचित सैल करता येतो. साध्या बेल्टमध्ये एक भोक घट्ट वाटतं आणि पुढचं सैल, असं ज्यांचं कायम होतं त्यांनी हाच घ्यावा. हे बेल्ट बहुतेक लांब येतात आणि आपण कापून घ्यायचे असतात. कापायचे बकलच्या बाजूने, टोकाच्या बाजूने कधीच नाही, टोकाला आकार दिलेला असतो आणि दातांची पट्टी पण त्याच बाजूला असते. बकलची पकड उघडा, काहींना बारीक स्क्रू असतो काहींना नुसती उचलायची पट्टी, पट्टा बाहेर काढा. आधी न कापता बेल्ट लावून बघा, टोक पहिल्या लूपच्या पुढे जिथे यायला हवं तिथपासून खरं किती जास्त येतंय ते मोजा, आणि त्याच्यापेक्षा एक इंच कमी कापा. परत बकल लावा, घालून बघा, मग लागलं तर राहिलेला इंच. पट्ट्याच्या मागे छापलेल्या खुणा असतात पण त्यांच्यावर डोळे झाकून कापू नका, त्या पण पॅन्टच्या साइझवरच आखलेल्या असतात आणि पॅन्टच्या साइझचं काय ते वर झालंच आहे. कात्री मजबूत घ्या आणि कापताना गुण्याने सरळ रेघ मारून घ्या, तिरकं कापलं तर बकलच्या पकडीत एकच बाजू धरली जाते आणि काही दिवसांनी पट्टा निसटतो.

साधा लेदर बेल्टही असाच कापता येतो का, तर बकल स्क्रूने किंवा टिचबटणाने बसवलेलं असेल तर हो, बकलच्या बाजूने. शिवलेलं असेल तर बूट-बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, तो शिवण उसवून, जास्तीचा भाग कापून परत शिवून देतो. एक-दोन इंच जास्त असेल तर कापायचीही गरज नसते, एखादं भोक पाडलं तरी भागतं. पण भोक खिळ्याने किंवा गरम सळईने पाडू नका. खिळ्याने लेदर कापलं जात नाही, फाकतं, आणि तिथूनच पुढे चीर जाते. चक्राचा पंच मिळतो, त्यात वेगवेगळ्या मापाच्या नळ्या असतात, जुन्या भोकात नीट बसेल ती नळी निवडा, आधीच्या भोकांमधलं अंतर मोजून तेवढ्याच अंतरावर, पट्ट्याच्या बरोबर मध्यावर पेनने ठिपका करा आणि खाली जाड लेदरचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून दाबा. एक भोक ठीक, दोन चालतील, पण तीन भोकं पाडायची वेळ आली तर टोक इतकं लांब होतं की ते वाईटच दिसणार, तिथे कापणं हाच उपाय.

विणलेला बेल्ट असेल तर भोकाचा प्रश्नच नाही, पिन विणीत कुठेही घुसते. पण तो सगळ्यात जास्त ताणला जातो, म्हणून तो घेताना सैल नको, आज जरा घट्टसर वाटेल असाच घ्या. कॅनव्हासचा आणि क्लॅम्पचं बकल असलेला बेल्ट पण कुठेही थांबतो आणि कापता येतो, फक्त कापल्यावर टोकाला धातूची टोपी परत बसवा नाहीतर धागे सुटतात.

लेदर कसलं आहे यावर पण माप टिकणं न टिकणं अवलंबून असतं. एकसंध जाड लेदरचा बेल्ट पहिल्या काही महिन्यात थोडा सैल होतो आणि मग तिथेच थांबतो. भुगा करून चिकटवलेल्या लेदरचा, ज्याला बॉन्डेड लेदर म्हणतात, तो भोकांपाशी फाटत जातो, भोकं लांबोडी होतात, वरचा थर सुटायला लागतो, आणि मग माप बरोबर घेऊनही सहा महिन्यात बेल्ट चुकीचा वाटायला लागतो. कापलेली कड बघा, आत तंतू एकसारखे दिसतात का थर थर दिसतात ते लगेच कळतं.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगतो. बेल्टचं काम पॅन्ट जागेवर ठेवणं आहे, ढगळ पॅन्ट आवळून बसवणं नाही. बेल्ट लावल्यावर पॅन्टच्या पट्टीला चुण्या पडत असतील तर बेल्टची साइझ बदलून काही होणार नाही, पॅन्ट कंबरेत आत घेऊन या. बरेच जण तसं न करता बेल्ट आवळतात आणि दिवसभर तसेच राहतात. रात्री बेल्ट काढल्यावर पोटावर लाल वळ दिसत असेल तर तो घट्ट आहे, सवय झालीय म्हणून चालवून घेऊ नका. घट्ट बेल्टने पोटावर दाब येतो आणि ॲसिडिटीचा त्रास असलेल्यांना छातीत जळजळ वाढते. आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल, आग होत असेल तर बेल्टकडे नक्की बघा, कंबरेच्या हाडापाशी मांडीच्या त्वचेची एक नस जाते ती घट्ट बेल्टने दाबली जाऊ शकते, डॉक्टर त्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. बेल्ट सैल करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. साधी चाचणी अशी की बेल्ट लावून बसल्यावर पोट आणि बेल्टच्या मध्ये दोन बोटं विनासायास गेली पाहिजेत.

कुणाला गिफ्ट द्यायचा असेल आणि विचारायचं नसेल तर त्याच्या पॅन्टची साइझ चोरून बघू नका, त्याचा बेल्ट बघा. कपाटात टांगलेला असतो, घडीपासून वळवाल्या भोकापर्यंत मोजा, टेप नसेल तर एक दोरा लावा आणि तिथे गाठ मारा, घरी येऊन दोरा मोजा. तेवढंही जमत नसेल तर कापता येणारा ऑटोलॉक घ्या आणि तो न कापता द्या.

बेल्ट हातात आला की टॅग तोडायच्या आधी घालून बघा, आणि नुसतं आरशासमोर उभं राहून नाही. बसा, वाका, बुटाची लेस बांधायला जसे खाली जाता तसे जा. कापायचं किंवा भोक पाडायचं काम त्यानंतर, कारण एकदा कापलेला बेल्ट कुणी परत घेत नाही. दोन दिवस वेगवेगळ्या पॅन्टवर घरातच लावून बघितला तर आणखी चांगलं, परत करायची मुदत किती आहे तेवढं आधी बघून ठेवा.